नोटरी वारले, वाटणीच्या कागदाची नोंद कुठे शोधू?

माणदेशी: नमस्कार. 2011 मध्ये वडील आणि काकांनी घर-शेताची वाटणी शंभराच्या स्टॅम्पवर लिहून नोटरी केली. मूळ कागद काकांकडे, आमच्याकडे झेरॉक्स. वडील गेल्या वर्षी गेले. आता काका म्हणतात, असा कागद झालाच नाही. नोटरीही हयात नाहीत. दुय्यम निबंधक कार्यालयात गेलो, तिथे काही नाही म्हणाले. सल्ला द्या.

कोर्टाची पायरी: तिथे नोंदणी झालेले दस्तच सापडतात, नोटरी केलेले नाही. 1956 च्या नियमांप्रमाणे नोटरीला ठेवावी लागते ती नोंदवही. त्यात तारीख, कामाचा प्रकार, पक्षकारांची नावं आणि त्यांच्या सह्या असतात. अख्खा कागद त्यात उतरवलेला नसतो. म्हणून आधी झेरॉक्सची शेवटची बाजू काढा. नोटरीच्या गोल शिक्क्याजवळ हाताने लिहिलेला अनुक्रमांक आणि तारीख दिसेल. ते नसेल तर वर्षभराच्या नोंदी चाळत बसावं लागेल. वही तपासायचा अधिकार नियमात जिल्हा न्यायाधीश किंवा शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याला आहे, तोही वर्षातून जास्तीत जास्त दोनदा. तुम्ही-आम्ही जाऊन हक्काने मागू शकत नाही. नोटरींच्या घरी जाऊन नम्रपणे विचारा. जमलं नाही तर दावा लावल्यावर ती वही हजर करण्यासाठी कोर्टाकडून समन्स काढता येतं. घरच्यांना एक विनंती मात्र आजच करा, वह्या रद्दीत देऊ नका म्हणावं. माझ्या डोळ्यांदेखत एका वकिलांच्या वह्या टेम्पोत गेल्यात, अजून जीव तुटतो.

वाळवा तालुका: नोंद सापडली म्हणजे वाटणी सिद्ध झाली, असं धरून चालू नका. कागदानेच वाटणी केली असेल तर नोंदणी कायद्याच्या कलम 17 प्रमाणे त्याची नोंदणी लागते. आधी तोंडी वाटणी झाली आणि नंतर आठवण म्हणून लिहून ठेवली असेल तर गोष्ट वेगळी. क्रियापदं नीट वाचा. ‘वाटून घेतले आहे’ लिहिलंय की ‘या लेखाने वाटून देत आहोत’? सगळा खेळ तिथे आहे. आणि नोटरीची सनद पाच वर्षांची असते, 2011 मध्ये ती चालू होती का तेही पाहून घ्या.

माणदेशी: दोघांचे मनापासून आभार. काल नोटरींच्या मुलाकडे जाऊन आलो. वही माळ्यावर होती. अनुक्रमांकावरून पाच मिनिटांत नोंद सापडली. वडिलांची सही, खाली काकांची. वडिलांचं अक्षर पाहून हात थरथरला. त्यांनी फोटो काढू दिला, वही मात्र दिली नाही, आणि ते बरोबरच केलं. झेरॉक्समध्ये ‘वाटून घेतले आहे’ असंच आहे.

कोर्टाची पायरी: छान! फोटोवर विसंबू नका, मूळ वहीच कोर्टासमोर यायला हवी. मुलाचं नाव साक्षीदारांच्या यादीत घालायला वकिलांना सांगा. मूळ कागद हजर करा म्हणून काकांना नोटीसही पाठवा, ती नोटीस दिल्याशिवाय झेरॉक्स पुराव्यात घेणं अवघड जातं.

माणदेशी: सोमवारी वकिलांकडे जातोय. वही आता माळ्यावरून खाली, नोटरींच्या मुलाच्या कपाटात आहे.