मदत हवी आहे: वज्रासनात गुडघा धरतो, योगवर्ग कसा निवडू?

वय 47, राहते रत्नागिरीत, मांडवीला. योगासनं आधी कधीच केली नव्हती. महिनाभर मोबाइलवर बघून सूर्यनमस्कार घातले, पण भुजंगासनात कंबर भरून येते आणि वज्रासनात उजवा गुडघा धरतो. डॉक्टरांची व्यायामाला हरकत नाही. बीपीची गोळी चालू असल्यामुळे शीर्षासन तेवढं नको म्हणालेत. (ते तसंही कुठं जमणार होतं!) एका वर्गात दोन दिवस गेले. तिथं तीसेक जण, चुकतंय काय ते सांगायला कुणी नाही. अय्यंगार पद्धतीत पट्टा, लाकडी ठोकळे, खुर्ची असा आधार घेऊन आसनं करतात, ते मला बरं पडेलसं वाटतं. सकाळी नळाच्या पाण्याची वेळ, म्हणून संध्याकाळी 6 नंतरच जमेल. ऑनलाइन नको, पावसात नेट टिकत नाही. शहरात असं शिकवणारा छोटा वर्ग कुणाला माहीत आहे का? आणि तोवर घरी वज्रासनाऐवजी काय करू?