‘प्लेगनं एका रात्रीत संपलेलं गाव’: पुरे झालं आता!

खडूमाती: इंग्लंडच्या यॉर्कशायरमधलं व्हॅरम पर्सी हे गाव काळ्या मृत्यूनं, म्हणजे प्लेगनं, एका रात्रीत बेचिराख झालं, अशी पोस्ट फिरतेय. अहो, प्लेग 1349 चा; 1368 मध्येही तिथे तीसेक घरं नांदती होती. शेवटची चार कुळं 1500 च्या सुमारास जमीनदारानं उठवली, घरं पाडली, मेंढ्या सोडल्या. लोकरीला भाव होता आणि शंभर मेंढ्यांना एक धनगर पुरतो.

गढीवाला: सगळं मेंढ्यांच्या माथी मारू नका. प्लेगनं माणसं नेली, मजुरी चढली, रिकाम्या जमिनीला कूळ मिळेना. भरल्या गावावर असा नांगर फिरवता आला असता का? चर्च बघा. बाजूची दोन्ही दालनं पाडून कमानी बुजवल्यात. आणखी काय पुरावा हवा?

खडूमाती: चर्चवरून गावाची खानेसुमारी करू नका! शेजारच्या थिक्सेंडेल गावाला 1870 मध्ये स्वतःचं चर्च मिळेपर्यंत तिथले लोक इथेच यायचे. शेवटची प्रार्थना 1949 ची, बुरुज ढासळला 1959 ला.

पोस्टकर्ता: आणि गावकऱ्यांनी एकमेकांना खाल्लं त्याचं काय? चिरलेली, जळकी हाडं सापडलीत ना!

कवटी_कट्टा: झालं सुरू! त्या हाडांवरचा 2017 चा अहवाल नीट वाचा. 137 हाडं, किमान दहा माणसं, काळ अकरावं ते चौदावं शतक. मांसासाठी कापलं तर सुरीचे घाव सांध्यांपाशी आणि मोठ्या स्नायूंच्या जागी पडतात. इथे ते डोकं-मानेपाशी गोळा झालेत. म्हणून मेलेला उठून येऊ नये यासाठीचा बंदोबस्त, हा अर्थ जास्त पटतो.

गढीवाला: किंवा परके असतील, म्हणून हाडं दफनभूमीबाहेर. गावकुसाबाहेरच्यांना कोण दफनभूमीत जागा देतं?

कवटी_कट्टा: दातांतलं स्ट्रॉन्शियम (जमिनीतलं एक मूलद्रव्य) तपासलंय. लहानपणी दात बनताना तिथल्या पाण्या-अन्नातून ते दातात उतरतं. ही माणसं त्याच भागात वाढलेली निघाली.

गढीवाला: बरं, हाडांपुरतं मान्य. पण भुताची भीती हाडावर कोरलेली नसते, तोही अंदाजच.

कवटी_कट्टा: अंदाजच आहे. तुमच्या कमानींपेक्षा बरा.

खडूमाती: धागा गाव का उठलं याचा होता, आठवण म्हणून सांगतो.

पोस्टकर्ता: ठीक आहे, ‘एका रात्रीत’ काढून ‘दीडशे वर्षांत’ लिहितो. आता ती पोस्ट तुम्ही तिघेच वाचा.