गॅम्बिट ‘नाकारणे’, ‘चुकवणे’ की ‘न घेणे’?

जळगावहून विचारणा : मुलांना बुद्धिबळ शिकवताना ‘क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड’ या सुरुवातीला, म्हणजे डावाच्या ठरावीक पहिल्या चालींना, मी ‘नाकारलेला वजीर-गॅम्बिट’ म्हणत आलो. परवा एका मुलीने विचारले, “सर, वजीर कोणी नाकारला?” शंका रास्त आहे, कारण गॅम्बिटमध्ये डावपेच म्हणून प्यादे देऊ करतात आणि येथे पांढरा देऊ करतो ते सी४ या घरावरचे प्यादे; वजीर आपल्या घरातच असतो. ‘अस्वीकृत’ फारच सरकारी वाटते. क्रियापद कोणते योजावे?

धुळ्याहून उत्तर : आधी ‘गॅम्बिट’ पाहू. इटालियन ‘गांबेत्तो’ म्हणजे पायात पाय घालून पाडणे. स्पॅनिश धर्मगुरू रुय लोपेझ यांनी १५६१ च्या आपल्या ग्रंथात तो शब्द बुद्धिबळात आणला. आपल्या यात्रांतल्या कुस्त्यांत ज्याला टांग मारणे म्हणतात, त्याच जातीचा हा शब्द आहे, आणि टांग कोणी नाकारत नाही, ती चुकवतात. राजा-गॅम्बिटला (१. ई४ ई५ २. एफ४; आकड्यापुढे आधी पांढऱ्याची, मग काळ्याची चाल) हे चपखल बसते : काळा एफ४ चे प्यादे न मारता उंट सी५ वर आणतो, आणि पांढऱ्याने हावरेपणाने ई५ चे प्यादे खाल्लेच, तर वजीर एच४ वर येऊन असा शह देतो की हत्ती तरी जातो किंवा मात तरी होते.

जळगावहून : तेथे पटते, परंतु १. डी४ डी५ २. सी४ ई६ यात ‘चुकवणे’ अपुरे पडते. सी४ चे प्यादे पुढेही मारता येते. पांढऱ्याचा एफ१ वरचा उंट बाहेर पडेपर्यंत काळा पुष्कळदा मुद्दाम थांबतो आणि मग ते मारतो, म्हणजे त्या उंटाला प्यादे परत घेण्यासाठी दुसरी चाल खर्चावी लागते. १९२७ साली ब्यूनस आयर्स येथे कापाब्लांका आणि अलेखिन यांच्यात जगज्जेतेपदासाठी झालेल्या ३४ डावांपैकी ३२ याच सुरुवातीचे होते. तो सगळा संयमाचा खेळ ‘नकार’ या शब्दात मावत नाही. आमच्या अहिराणीत ‘माले नको’ (मला नको) आणि ‘आते नको’ (आता नको) यांत जो फरक आहे, तोच येथे आहे.

भुसावळहून : मग ‘तूर्त न घेणे’ म्हणावे. मात्र काळ्याने दुसऱ्या चालीत सी६ (२...सी६) खेळणे हेही न घेणेच असून त्याला स्लाव्ह हे वेगळे नाव आहे. तेव्हा क्रियापद मराठी ठेवले, तरी सुरुवातीचे नाव रूढ आहे तसेच राहू द्यावे.

जळगावहून : मान्य. फळ्यावर नाव तेच ठेवून खाली लिहितो : ‘काळ्याने सी४ चे प्यादे तूर्त घेतलेले नाही.’