शब्दचर्चा: ‘बाटली आडवी झाली’

प्रश्न
‘गावात अखेर बाटली आडवी’ असा मथळा वाचला. म्हणजे दारूबंदी झाली, एवढंच ना? आमच्याकडे ‘आडवा झाला’ म्हणजे पिऊन पडला, म्हणून विचारतो.

उत्तर
तेवढंच नाही. ही बाटली मतपत्रिकेवरची. महाराष्ट्र सरकारच्या 2008 च्या आदेशानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली, की उत्पादन शुल्क खातं सह्या पडताळतं आणि गुप्त मतदान होतं. चिन्हं दोन: उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. मेख अशी, की झालेल्या मतांच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण महिलांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवीला लागतात. त्या दिवशी मजुरीला गेलेली बाई न येताच उभ्या बाटलीच्या पारड्यात पडते.

‘दारूबंदी’ सरकार करतं, अख्ख्या जिल्ह्याची. वर्धा 1975, गडचिरोली 1993, चंद्रपूर 2015 (ती 2021 मध्ये उठली). बाटली आडवी झाली की बंद होतं ते परवान्याचं दुकान. हातभट्टीला मुळात परवानाच नसतो, तिला आडवी कशी करणार!

आणखी एक वाचक
मग दुकान बंद करा म्हणणाऱ्या निवेदनांतला ‘त्रास’ही बघा. ‘दारुड्यांचा त्रास होतो’ एवढंच लिहिलेलं असतं. त्यात बसथांब्यावरची शेरेबाजी, अंगचटीला येणं, रात्री नवऱ्याची जबरदस्ती, सगळं कोंबलेलं. बायको सज्ञान असेल तर त्या शेवटच्या गोष्टीला फौजदारी कायदा बलात्कार म्हणत नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मात्र लैंगिक छळाचा उल्लेख आहे. देशीचं दुकान शाळेच्या वाटेवरून हटलं तर पहिल्या दोन्हींना आळा बसेल, हे पटतं. तिसरी घरात घडते, आणि बाटली शेजारच्या गावातूनही आणता येते.

मला खटकतं ते (तिसऱ्या वाचकाकडून)
‘दारूच्या नशेत अत्याचार’. पुरुष प्यायलेला असला की ते कारण म्हणून छापायचं, बाई प्यायलेली असली की ठपका म्हणून. कायदा नेमका उलट. स्वतःहून प्यायलेल्याला नशेची सबब चालत नाही, आणि नशेमुळे काय चाललंय हे कळत नसलेल्या बाईचा होकार हा होकार धरत नाहीत (भारतीय न्याय संहिता, कलम 63). ‘दारूच सगळ्याचं मूळ’ म्हणणारे नकळत आरोपीच्या वकिलाचं काम हलकं करतात.

उत्तर
मान्य, पण दुकान हटवणं म्हणजे आरोपीला सूट देणं नव्हे. गल्लीत दिवे लावा म्हटलं म्हणून कोणी अंधारावर खटला भरत नाही.

प्रश्न
आभार. जाता जाता, ‘गुत्ता’ कुठला?

उत्तर
मूळ अर्थ मक्ता, ठेका. दारूविक्रीचा मक्ता ज्याचा, त्याच्या दुकानाला लोक गुत्ता म्हणू लागले. आता मक्ता जाऊन परवाना आला. तो देणारं, त्याचा महसूल घेणारं आणि तुमच्या सह्या पडताळणारं खातं मात्र एकच.