गल्ल्यावर माणूस हवा की यंत्र? ‘रांगेतला पाऊण तास’ या टिपणाला उत्तर

माजी कॅशियर, रत्नागिरी:
ठाण्याच्या एका चाकरमानी गृहस्थांचे टिपण मी दोनदा वाचले आणि दुसऱ्यांदा अधिक चिडले. गेल्या गणपतीत गावी आले असताना मोदकाचे पीठ, कापूर आणि तुपाचा डबा एवढ्यासाठी त्यांना इथल्या एका सुपरमार्केटात पाऊण तास रांगेत उभे राहावे लागले. नवी मुंबईत मात्र ते सेल्फ चेकआउटच्या यंत्रासमोर स्वतःच वस्तू धरतात, पैसे भरतात आणि बाहेर पडतात. तेव्हा कोकणातल्या दुकानांनीही ही यंत्रे बसवावीत, असे त्यांचे म्हणणे आहे. इथवर माझी तक्रार नाही. परंतु शेवटी ते लिहितात, ‘कॅशियर करतो तरी काय? बीप वाजवतो. बीप मलाही वाजवता येते.’ हे उत्तर त्या वाक्याला आहे.

मी २०२५ च्या दिवाळीपर्यंत अकरा वर्षे गल्ल्यावर उभी होते. ‘उभी’ हा शब्द मुद्दाम वापरते, कारण आम्हाला खुर्ची नव्हती. चहाची किंवा साबणाची किंमत कंपनीने बदलली की जुना आणि नवा माल काही दिवस एकाच फळीवर असतो. बारकोड तोच, छापील किंमत वेगळी. बीप वाजते आणि पडद्यावर दोन किमती येतात. मग पाकीट उलटे करून, बॅच क्रमांकाशेजारची ती मुंगीएवढी अक्षरे वाचून योग्य किंमत निवडावी लागते. २२ सप्टेंबर २०२५ ला साबण, शाम्पू आणि टूथपेस्टवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, त्या आठवड्यात प्रत्येक तिसऱ्या गिऱ्हाइकाशी ‘पाकिटावर हे, बिलात ते’ असा संवाद झाला. सुट्या कडधान्याचे तर विचारूच नका. वजनकाट्यावरचा मुलगा घाईत कुळथाच्या पिशवीवर वालाचे लेबल चिकटवतो. यंत्राला ते लेबल खरे वाटते, मला पिशवी हातात घेताच कळते. कुळीथ आणि वाल यांतला फरक बोटांना समजतो, साहेब.

चाकरमानी, ठाणे:
बाई, ‘बीप’ हा शब्द मी मागे घेतो. आपल्या बोटांना माझा नमस्कार. पण आपण जो पुरावा दिलात तो माझ्याच बाजूचा आहे. एका बारकोडवर दोन किमती हा दुकानाच्या व्यवस्थेचा दोष असून तो झाकण्यासाठी आपल्याला अकरा वर्षे उभे ठेवले गेले, याचा राग मालकावर यायला हवा, माझ्यावर नव्हे.

शिवाय थोडा इतिहास आठवावा. १९१६ साली अमेरिकेत मेंफिस येथे पिग्ली विग्ली हे दुकान निघाले, तेव्हा गिऱ्हाइकाने स्वतः फळीवरून वस्तू उचलायची ही कल्पना नवीन होती. त्याआधी यादी द्यायची आणि नोकराने माल काढून द्यायचा, अशीच रीत होती. आपण ज्या सुपरमार्केटात नोकरी केलीत, ते वाण्याच्या नोकराला बाजूला सारूनच उभे राहिले आहे. २६ जून १९७४ ला ओहायोतील ट्रॉय गावी च्युइंगगमच्या पाकिटावर दुकानातला पहिला बारकोड वाचला गेला. तोवर कॅशियर प्रत्येक किंमत बोटाने टंकत असे. त्याची हळहळ आज कोणाला वाटते? सेल्फ चेकआउटची कल्पनाही १९८४ मध्ये फ्लोरिडातील एका दुकानात रांगेत ताटकळलेल्या डेव्हिड हंबल नावाच्या माणसाला सुचली. म्हणजे रांगेला वैतागलेला मी काही पहिला नाही. आणि मालवणच्या बाजारात टोपलीशेजारी क्यूआर कोड ठेवून ‘रुपये प्राप्त झाले’ असे बोलणारा डबा वापरणारी मावशी जर यंत्राला घाबरत नसेल, तर आपण कशाला घाबरायचे?

दाभोळकर, सध्या जहाजावर:
मी परदेशी बंदरांत ही यंत्रे बरीच वापरली आहेत, तेव्हा दोन शब्द लिहितो. वस्तू स्कॅन करून ज्या जागी ठेवायची, तिच्याखाली वजनकाटा असतो. बारकोडवरून जे वजन अपेक्षित असते ते काट्याशी जुळले नाही तर यंत्र अडते. मी एकदा घरून आणलेली कापडी पिशवी अगोदरच तिथे ठेवली. यंत्राने ‘अनपेक्षित वस्तू’ म्हणून ठणाणा केला, डोक्यावरचा दिवा लाल झाला आणि मागच्या रांगेतली सगळी माणसे माझ्याकडे चोराकडे पाहावे तशी पाहू लागली. सहा यंत्रांवर लक्ष ठेवणारी एकच मुलगी होती. ती या टोकाकडून त्या टोकाकडे धावत होती. तिने कार्ड लावून यंत्र सोडवले आणि पुढच्या दारूच्या बाटलीसाठी वय तपासायला तिलाच परत यावे लागले. माणूस काही हटला नाही. त्याच्या कामातले अर्धे माझ्याकडून फुकट करून घेतले गेले आणि उरलेले अर्धे एकटीवर सहापटीने पडले.

इंग्लंडच्या उत्तरेतील बूथ्स या साखळीने नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या २८ पैकी २६ दुकानांतून ही यंत्रे काढून टाकण्याचे जाहीर केले. आपण मात्र त्यांनी टाकलेले उचलायला निघालो आहोत.

चाकरमानी, ठाणे:
ती दोन दुकाने कोणती, हेही सांगून टाकावे! केझिक आणि विंडरमियर या लेक डिस्ट्रिक्टमधल्या, पर्यटकांनी गजबजणाऱ्या गावांतली. तिथे यंत्रे ठेवली कारण गर्दी फार. आता मला सांगा, गणपतीच्या आठवड्यातली रत्नागिरी, कुडाळ आणि कणकवली यांचे वर्णन आपण याहून वेगळे करणार आहात काय?

दाभोळकर, सध्या जहाजावर:
हे मला ठाऊक होते. आपल्याला ठाऊक नसावे अशी आशा होती. गणपतीचे ते आठ-दहा दिवस आपले. बाकीचे ३५५ दिवस आमचे.

चिपळूणची एक नोकरदार मुलगी:
सगळे गर्दीवर बोलत आहेत, म्हणून एक वेगळी बाजू मांडते. आमच्या दुकानातल्या गल्ल्यावर शेजारच्या वाडीतल्या वहिनी असतात. स्वभावाने चांगल्या आहेत, पण मी सॅनिटरी पॅड घेतले की त्या ते लगबगीने वर्तमानपत्रात गुंडाळतात आणि आवाज खाली आणून ‘काळी पिशवी देऊ का?’ असे विचारतात, तेव्हा मागच्या चार जणांना नेमके कळायचे ते कळते. गेल्या वर्षी मी गर्भचाचणीचे किट घेतले. ते माझ्यासाठी नव्हतेच. संध्याकाळी आईला देवळात तिघींनी ‘गोड बातमी कधी?’ म्हणून विचारले. माझे लग्नही झालेले नाही.

शहरात कॅशियर अनोळखी असतो, म्हणून आपुलकीचा माणूस हवा असे वाटणे सोपे असते. इथे तो ओळखीचा असतो, हीच अडचण आहे. यंत्र तोंड उघडत नाही. मी त्याच्या ठणाण्यासकट त्याला स्वीकारीन. शिवाय प्रत्येक बिलाला ‘मोबाइल नंबर सांगा’ हा जो आग्रह असतो, तोही मला चारचौघांत मोठ्याने पुरा करावा लागतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने नंबरासाठी अडवू नका म्हणून मे २०२३ मध्ये विक्रेत्यांना बजावले होते. ते पत्र कशेडी घाट उतरलेले दिसत नाही.

माजी कॅशियर, रत्नागिरी:
नंबर विचारण्याची सक्ती आमच्यावर होती. दिवसाला किती नंबर जमले याचा हिशेब रात्री मॅनेजर घेत असे. पण त्या वहिनींची बाजू घेणार नाही. आमच्यातही असे होते, आणि मीही एकदा एका ओळखीच्या मुलाच्या सिगारेटींबद्दल त्याच्या वडिलांना सांगितले होते. तेव्हा मला ते कर्तव्य वाटले. तुझे वाचून आज तसे वाटत नाही, एवढे लिहिते.

निवृत्त ग्रंथपाल, दापोली:
यंत्राच्या कौतुकात सगळे जण वीज गृहीत धरून चालले आहेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, त्यानंतर आमच्या गावात कित्येक दिवस वीज नव्हती, मोबाइल मुका होता आणि एटीएमचे दार अर्धवट उघडे लोंबत होते. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने मेणबत्ती लावून, पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने लिहून सगळ्या आळीला तांदूळ, मीठ आणि काडेपेट्या दिल्या. पैसे कोणी ऑगस्टमध्ये दिले, कोणी दिवाळीला. आपले यंत्र त्या दिवशी काय वाजले असते?

चाकरमानी, ठाणे:
आदरणीय काका, वादळाला मी उत्तर देऊ शकत नाही. पण सुपरमार्केटातल्या कॅशियरनेही त्या दिवशी मेणबत्तीवर उधार दिले नसते. आपण कौतुक वाण्याचे करीत आहात आणि श्रेय गल्ल्यावरच्या नोकराला देत आहात.

आंबा बागायतदार, देवगड:
आमच्या मूळ प्रश्नाकडे कोणी पाहतच नाही. हापूसची डझनाची खोकी यंत्र कशी विकणार? एकाच झाडाच्या फळांत एक दोनशे ग्रॅमचे, दुसरे तीनशेचे असते. बारा फळांचे ‘अपेक्षित वजन’ म्हणून यंत्राला काय सांगायचे? एका शहरी दुकानाने मला स्पष्ट सांगितले की, यंत्रासाठी माल किलोवर द्या. आंबा किलोवर विकायचा म्हणजे कांद्याच्या पंगतीला बसवायचा.

चाकरमानी, ठाणे:
किलोवर विकण्यात नेमका कोणता अपमान आहे? पाच डझनांच्या पेटीत वरचा थर राजबिंडा आणि खालच्या थरात लिंबाएवढी फळे, हा अनुभव मी सलग तीन वर्षे घेतला आहे. काट्यावर ही हातचलाखी चालत नाही. आपल्याला यंत्राची नव्हे, वजनाची भीती वाटते.

आंबा बागायतदार, देवगड:
तोंड सांभाळून लिहावे. आपण वाशीत रस्त्याकडेला, पुठ्ठ्यावर ‘देवगड’ लिहिलेला कर्नाटकचा आंबा अर्ध्या भावात घेता आणि थर आमच्या नावावर मोजता. ‘हापूस’ हे नाव कोकणातल्याच आंब्याला लावता यावे म्हणून भौगोलिक मानांकन २०१८ मध्ये मिळाले, तरी ही फसवणूक थांबली नाही. म्हणून आमच्या सहकारी संस्थेने २०२५ पासून प्रत्येक फळावर स्वतंत्र क्रमांकाचा स्टिकर आणला. आपल्या पेटीतल्या फळांवर तो होता का, एवढेच सांगावे.

चाकरमानी, ठाणे:
मी म्हणतो ती तीन वर्षे २०२५ च्या आधीची.

आंबा बागायतदार, देवगड:
अर्थातच.

निवृत्त शिक्षिका, मालवण:
दोघांनीही थांबावे. डझन की किलो हा वाद बांगड्यालाही लागू आहे. मी चाळीस वर्षे वाट्याने मासळी घेते. वाटा म्हणजे काही फक्त संख्या नव्हे. बांगडे मोठे असतील तर चार, बारीक असतील तर सात, आणि दिवस मंदीचा असला तर वर एक पेडवा. तो वरचा पेडवा कोणत्या बारकोडात बसतो? मात्र याच बाजारात मला दोनदा शिळी सुरमईही मिळाली आहे, आणि कोळणीच्या गोड बोलण्यामुळेच मी फसले, हेही कबूल करते. गोड न बोलणारे यंत्र मला तिथे कदाचित परवडले असते.

दाभोळकर, सध्या जहाजावर:
बाई, यंत्राने सुरमईचा कल्ला उघडून दाखवला नसता. तो आपणही पाहिला नसावा.

निवृत्त शिक्षिका, मालवण:
पाहिला होता. चष्मा घरी होता.

माजी कॅशियर, रत्नागिरी:
धागा मी काढला तो बिलासाठी, आणि आपण आंब्यावरून बांगड्यावर गेलात. तरी त्यात माझाच मुद्दा आहे. ज्या वस्तूचा भाव पाकिटावर छापून येतो ती यंत्राने विकावी; ज्या वस्तूचा भाव समोर ठरतो, किंवा छापलेला भावच दोन प्रकारचा असतो, तिथे माणूस लागतो. आमच्या दुकानात पहिल्या प्रकारच्या वस्तू जास्त आहेत, हेही मला मान्य करावे लागते. पाच वस्तूंच्या आत बिल असणाऱ्यांसाठी दोन यंत्रे बसवावीत, आणि त्या मोकळ्या झालेल्या दोन मुलींना काढून न टाकता एकीला वजनकाट्यावर ठेवावे, एकीला खुर्ची द्यावी.

चाकरमानी, ठाणे:
पाच वस्तू मला मान्य आहेत. माझ्या तर तीनच होत्या.

माजी कॅशियर, रत्नागिरी:
तुपाच्या डब्यावर त्या आठवड्यात दोन किमती होत्या. आपल्याला कमी किमतीने बिल मिळाले असेल तर ते पाकीट उलटून पाहणाऱ्या मुलीमुळे. बिल जपून ठेवले असल्यास तपासावे.

चाकरमानी, ठाणे:
तपासले. कमीच आहे. पाऊण तासाचे मात्र मी विसरणार नाही.

आंबा बागायतदार, देवगड:
डझनाचे काय ठरले?