मदत हवी आहे: लेकीच्या गाडीला हिवाळी टायर घ्यावेत की आहेत ते ऑल-सीझन चालतील?

नमस्कार मंडळी,

मी गोव्यातल्या साखळीचा. २०१२ साली खाणी बंद झाल्या तोवर माझे दोन ट्रक खनिजाच्या वाहतुकीवर होते. टायरबद्दल मी कधी कुणाला विचारायला गेलो नाही, लोकच माझ्याकडे यायचे. नक्षीवर अंगठा फिरवून अजून किती फेऱ्या निघतील ते सांगायचो. आणि आता साठी उलटल्यावर टायरपाशीच अडलोय.

लेक आणि जावई कॅनडात, ओटावाला असतात. पहिले दोन हिवाळे त्यांनी बसने काढले. या मे महिन्यात सेकंडहँड छोटी एसयूव्ही घेतली, ऑल-व्हील ड्राइव्ह. लेक हॉस्पिटलात नर्स आहे. सकाळी सातची ड्युटी, कनाटा उपनगरातून शहरात पंचवीसेक किलोमीटर, त्यातले बरेचसे ४१७ नंबरच्या हायवेवरून. डिसेंबरात त्या वेळेला मिट्ट काळोख असतो म्हणते. बर्फ पडलं म्हणून घरी बसणं तिला जमणारं नाही. जावई घरूनच काम करतो.

दोघं चवथीला आली होती. गणपतीवर फळापानांची माटोळी बांधता बांधता विषय निघाला. जावयाचं म्हणणं असं की टायरवर ऑल-सीझन लिहिलंय, म्हणजे सगळे ऋतू आले. शिवाय एम प्लस एस असा शिक्का आहे, म्हणजे चिखल आणि बर्फ. त्यात चारही चाकांना ताकद. नदी ओलांडून क्वेबेकात गेलं की तिथल्या गाड्यांना १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत, पण ओटावा पडतं ऑन्टारियोत आणि तिथे सक्ती नाही. "कायदाच मागत नाही, तर आपण आठ-आठ टायर कशाला पोसायचे?" लेक गप्प बसली. गेल्या हिवाळ्यात तिची मैत्रीण सिग्नलला ब्रेक दाबूनही चौकाच्या मधोमध जाऊन थांबली होती, हे तिने नंतर आईला सांगितलं. मला आईकडून कळलं.

माझा सगळा अनुभव इथला. धुक्यातला चोर्ला घाट, पहिल्या पावसात साबण फासल्यासारखा होणारा रस्ता, आमोण्याकडचा लाल चिखल, हे सगळं एकाच जातीच्या टायरवर काढलं. आमच्याकडे टायरला ऋतू नव्हता. टायर एक तर चांगला, नाही तर गुळगुळीत. थंडीत रबराचं काय होतं याची मला काडीची माहिती नाही.

आत्ताच्या टायरांची नक्षी सहा मिलिमीटर खोल आहे, जावयाने मोजून फोटो पाठवलाय. म्हणजे फेकून देण्यासारखे नाहीत. जावयाच्या बोलण्यात तथ्य किती? ज्यांनी बर्फात प्रत्यक्ष गाडी चालवली आहे त्यांनी कृपया सांगा.

घाटमाथा:
काका, ऑल-व्हील ड्राइव्ह आहे ना, मग कसली चिंता! आम्ही मार्चमध्ये मनालीला भाड्याची फोर बाय फोर नेली होती, साधे टायर, काही झालं नाही. पैसे वाचवा.

म्हापसा ते म्युनिक:
घाटमाथा, चार चाकांना ताकद गेली की गाडी जागची हलते लवकर, हे बरोबर. थांबवायचं काम मात्र ब्रेकचं, आणि ब्रेक तर दोन चाकांच्या ताकदीवर चालणाऱ्या गाडीलाही चारही चाकांनाच असतात. उलट ऑल-व्हीलमुळे गाडी इतकी आरामात सुटते की रस्ता निसरडा आहे हेच कळत नाही. कळतं ते पहिल्या वळणावर.

काका, एक गोंधळ आधी दूर करतो, कारण मी स्वतः त्यात फसलो होतो. टायरच्या बाजूला एक खूण असते का ते बघायला सांगा: तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमकण. ती खूण बर्फावर चाचणी घेतल्याशिवाय मिळत नाही. एम प्लस एसचं तसं नाही. ती अक्षरं नक्षीच्या ठेवणीवरून कंपनी स्वतःच घालते, त्यासाठी बर्फावर टायर फिरवून दाखवावा लागत नाही. म्हणूनच जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसता एम प्लस एस हिवाळी टायर म्हणून धरत नाहीत, डोंगराची खूणच लागते.

गंमत अशी की आमच्याकडे युरोपात ऑल-सीझन म्हणून जे विकतात त्यावर ही खूण बहुतेक असतेच. कॅनडा-अमेरिकेत ऑल-सीझन म्हणजे साधारण खूण नसलेला टायर. खूण असलेला आणि वर्षभर चालणारा जो प्रकार, त्याला तिकडे ऑल-वेदर म्हणतात. शब्द एक, माल दोन. तेव्हा युरोपातला कुणी 'मी बारा महिने ऑल-सीझनवर असतो' म्हणाला, तर ते तुमच्या जावयाच्या बाजूचं मत धरू नका. मी स्वतः तसाच फिरतो, पण मी ऑफिसला ट्रामने जातो आणि गाडी रविवारी काढतो.

फोंड्याचा रबरवाला:
टायरच्या धंद्यात वीस वर्षं गेली, रबर मिसळण्याच्या खात्यात. बर्फात गाडी कधी चालवली नाही, तेव्हा फक्त रबराविषयी बोलतो.

रबर थंडीत आखडतं. आपल्याकडे टायर तापतो, म्हणून उन्हात न विरघळणारं, लवकर न झिजणारं मिश्रण लागतं. तेच मिश्रण थंडीत रस्त्याच्या बारीक खडबडीत अंगाला चिकटायचं सोडतं आणि वरून सरकतं. हिवाळी टायरात थंडीतही मऊ राहणारं रबर आणि भरपूर सिलिका असते. सात अंशांच्या खाली हिवाळी टायर, असा एक ठोकताळा सांगतात. सात म्हणजे काही बटण नाही, सहाला बंद आणि आठला चालू असं होत नाही, पण दिशा त्यावरून कळते. मऊ रबराची दुसरी बाजू अशी की उन्हाळ्यात ते खडूसारखं झिजतं आणि तापल्या कोरड्या रस्त्यावर ब्रेकही लांबतात. म्हणून हिवाळी टायर वर्षभर ठेवायचे नाहीत.

आता नक्षीचं. काका, तुम्हाला आणि मला ठाऊक असलेली नक्षी पाणी बाहेर फेकते, चर जितके मोकळे तितकं बरं. बर्फात उलटं. हिवाळी टायरच्या ठोकळ्यांवर सुरीने ओढल्यासारख्या शेकडो नागमोडी चिरा असतात. त्या बर्फ धरून ठेवतात, कारण बर्फाला बर्फ चांगलं चिकटतं. पोरं बर्फाचा गोळा वळतात तसंच. टायर बर्फाने माखलेला दिसला की आपल्याला वाटतं भरला, आता घसरणार. तिथे त्या भरलेल्या बर्फानेच पकड येते.

विश्वास नसेल तर जुन्या टायरचा तुकडा फ्रीझरात ठेवून बघा.

साखळीचा (धागाकर्ता):
ठेवला. मागच्या अंगणात जुन्या व्हॅनचा एक टायर पडून होता, कुंडीसारखा वापरायचो. त्याचा बोटभर तुकडा कापून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, बांगडा मासळीच्या शेजारी ठेवला. घरच्या फ्रीझरात उणे अठराच्या आसपास असतं. रात्री ठेवला, सकाळी काढला. ठेवण्याआधी अंगठ्याचं नख दाबलं की खळगा पडायचा आणि हळूहळू भरून यायचा. सकाळी नख वरूनच सरकलं. वाकवताना जोर लावावा लागला. लाकूड नाही झालं, पण रबर म्हणावं असंही राहिलं नव्हतं. चहा होईपर्यंत पुन्हा होतं तसं झालं. हे काही शास्त्र नव्हे, कळतंय मला. पण ट्रकच्या टायरवर चाळीस वर्षं फिरलेल्या अंगठ्याला जे कळायचं ते कळलं.

बायको विचारते, आता फ्रीझरात अजून काय काय ठेवणार आहात?

फोटो मोठा करून पाहिला. एम प्लस एस आहे. डोंगर नाही.

म्हणजे हे टायर राहत नाहीत. आता प्रश्न: डोंगरवाले ऑल-वेदर घेऊन बारा महिने मोकळं व्हावं, की खरे हिवाळी?

सासष्टीची:
काका, मी मडगावची, सात वर्षं मिसिसॉगाला आहे, लेकीसारखीच शिफ्टवाली. खरा प्रश्न आता विचारलात.

ऑल-वेदर वाईट नाहीत. माझ्यासारखी टोरोंटोजवळ राहणारी, घरापासून दहा मिनिटांवर कामाला जाणारी, तिला पुरतात. पण तो मधला मार्ग आहे. डोंगराची खूण मिळते ती दाबलेल्या बर्फावर टायर किती जोर धरतो या चाचणीवर. काचेसारख्या गोठलेल्या रस्त्यावर ब्रेक कसे लागतात, हे ती खूण सांगत नाही. ओटावा आमच्याहून बरंच थंड. त्यात पहाटेचा अंधार, हायवे, बर्फ हटवणारा नांगर फिरला असेल-नसेल आणि सुट्टी घेता येत नाही. तुमच्या लेकीसाठी मी हिवाळीच म्हणेन. जावई एकटा गाडी चालवणार असता तर कदाचित वेगळं सांगितलं असतं.

आठ टायर पोसायचं गणित त्यांना असं समजावा: हिवाळी चालतात तेव्हा उन्हाळी झिजत नाहीत. सहा मिलिमीटरवाले आहेत ते एप्रिलनंतर पुन्हा चढतील आणि जास्त वर्षं जातील. खरा जादा खर्च रिमचा आणि वर्षातून दोनदा बदलायचा. स्वस्त लोखंडी रिम घेऊन त्यावर हिवाळी टायर कायमचे बसवून टाका. मग दर वेळी टायर रिमवरून उचकटायला नको, नुसती चाकं बदलायची. नव्या चाकांना हवेच्या दाबाचे सेन्सर नाही घेतले तर डॅशबोर्डवर हवेचा दिवा हिवाळाभर पेटलेला राहील, तेवढं सांगून ठेवा, नाही तर फोन तुम्हालाच येणार. आणि विमा कंपनीला कळवायला विसरू नका. सक्ती नसली तरी ऑन्टारियोत १ जानेवारी २०१६ पासून हिवाळी टायरला सवलत देणं त्यांना भाग आहे.

चारच्या चार एकसारखे घ्या. दोनच घेऊन पुढे लावले की पुढचं धरतं, मागचं निसटतं, आणि गाडी स्वतःभोवती फिरते. जुने विकत घेणार असाल तर बाजूवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. चार मिलिमीटरच्या खाली नक्षी असलेला टायर बर्फावर नेऊ नये असं कॅनडा सरकारचंच सांगणं आहे. कायद्याला त्याहून कमी चालते, बर्फाला नाही.

हवा! सप्टेंबरात पंचवीस अंशाला ३२ पीएसआय दाबाने भरलेली हवा उणे पंधराला २५ च्या आसपास येते. साधारण साडेपाच अंशांना एक पीएसआय जातो. पंक्चर नसतं, थंडीच असते. माझ्या पहिल्या डिसेंबरात मी पंक्चर समजून दोनदा गॅरेजात गेले होते, तिथला माणूस हसला नाही याचं मला आजही कौतुक आहे.

एक गोष्ट मात्र लेकीला नीट सांगा. तिकडे कधी कधी पडता पडता गोठणारा पाऊस येतो. जानेवारी १९९८ मध्ये ओटावा-मॉन्ट्रियल पट्ट्यात दिवसच्या दिवस तसा पाऊस पडला होता, जुने लोक अजून बोलतात. त्या काचेवर कुठलाही साधा हिवाळी टायर भरवशाचा नाही. अशा दिवशी हॉस्पिटलला फोन करून उशीर होईल म्हणायचं आणि रस्त्यावर बर्फ वितळवणारं मीठ पडेपर्यंत थांबायचं.

घाटमाथा:
मनालीचं माझं म्हणणं मागे घेतो. आत्ता बायकोला विचारलं तर ती म्हणाली आपण गेलो तेव्हा रस्त्यावर बर्फ नव्हतंच, कडेला होतं.

साखळीचा (धागाकर्ता):
😀 घाटमाथा, तुमच्या बायकोला नमस्कार सांगा.

काल रात्री व्हिडिओ कॉल झाला. मी कायद्याचं काहीच बोललो नाही. जावयाला एवढंच सांगितलं की बर्फात नक्षी भरते ती चांगली, रिकामी होते ती नव्हे. त्याला ते पटेना. मग त्याने स्वतःच शोधून बघितलं, अर्ध्या तासाने परत फोन केला आणि मलाच ते सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं. मी हं हं म्हणत ऐकून घेतलं. चार हिवाळी टायर, लोखंडी रिमसकट, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख मिळाली आहे. पहिलं बर्फ पडलं की गॅरेजात उभं राहायला जागा नसते म्हणे.

शेवटचं एक. ती फ्लॅटमध्ये राहतात. उरलेली चार चाकं ठेवायची कुठे?

सासष्टीची:
बरीच टायरची दुकानं पैसे घेऊन हंगामभर सांभाळतात. घरीच ठेवायची तर रिमसकट चाकं आडवी, एकावर एक. रिम नसलेले असते तर उभे ठेवायला सांगितलं असतं. ऊन लागू देऊ नका, वर काही तरी झाका. आणि काढताना प्रत्येकावर खडूने लिहा, पुढचं डावं, मागचं उजवं असं. एप्रिलमध्ये कुणालाच आठवत नाही. नवीन चाकं लावल्यावर शंभरेक किलोमीटरनी नट पुन्हा आवळून घ्यायला सांगा.

साखळीचा (धागाकर्ता):
नट आवळायचं मला सांगता होय! तेवढं एक या धाग्यात मला आधीपासून ठाऊक होतं.

बाल्कनी आहे, झाकून ठेवतील. सगळ्यांचे आभार. रबरवाले, तुमचा तुकडा आज सकाळी बायकोने फ्रीझरातून काढून माडाच्या आळ्यात टाकला.