वांग्यावर नोव्हाल्युरॉन मारलं, भुंगे तसेच. फसलो काय?

कडोलीचा मळा: बारा गुंठे वांगी आहेत. तांबूस भुंगे, पाठीवर काळे ठिपके. पानाखाली पिवळ्या काटेरी अळ्या, हिरवं खरवडून पानाची चाळण केलीय. दुकानदारानं नोव्हाल्युरॉन दिलं. मारून चार दिवस झाले, भुंगे मजेत फिरताहेत. शेजारच्या रताळ्यात सोंड्या नावाची कीड आहे, तिलाही हेच चालेल काय?

खानापूरकर: फसवलं नाही दादा, अर्धंच सांगितलं. हे वाढ रोखणारं औषध. अळी कात टाकते तेव्हा आत नवं कायटिनचं कवच तयार व्हावं लागतं, यानं ते नीट बनतच नाही. म्हणून ती मरते कात टाकताना, मारल्या दिवशी नव्हे. भुंग्याची वाढ संपलेली, त्याला कात टाकायचीच नाही. तो कशाला मरेल? तुम्ही अळ्या बघा. बटाट्यावरच्या कोलोरॅडो भुंग्यावर परदेशात हे वापरतात. तिथं मादीनं खाल्लं तर तिची अंडी फुटत नाहीत, असं दिसलंय. पण खरा मार लहान अळीलाच. मोठ्या झाल्यावर मारून पैसे पाण्यात.

आणि पत्रकावर वांगं लिहिलंय काय? नसेल तर परत मारू नका. तोडणीआधी किती दिवस थांबायचं तेही त्यातच असतं.

कडोलीचा मळा: पत्रक पंपाजवळच भिजलं. अजून एक, बांधाला लागून पाहुण्यांची तुती आहे.

खानापूरकर: अहो, हे आधी सांगायचं की! रेशमाची अळी चार वेळा कात टाकते. वाऱ्यानं तुतीवर गेलं तर पाहुणे घरी यायचे बंद होतील. आजच त्यांना सांगा, तो पाला अळ्यांना घालू नका म्हणून.

उचगावची काकू: बारा गुंठ्याला औषध कशाला रे बाळा? सकाळी पानं उलटी कर. पिवळी लांबट अंडी दाटीनं उभी असतात, ते पानच तोड. भुंगे साबणाच्या पाण्यात झटक. फक्त मावा खाणारा ढालकिडा मारू नको. तो गुळगुळीत चकचकीत, हा बारीक लव असलेला, मळकट. रताळ्यात सोंड्याची अळी गड्ड्याच्या आत, वरून मारलेलं तिथं पोचत नाही. भेगा बुजवून माती लाव, मादीच्या वासानं नर किड्यांना ओढणारे कामगंध सापळे लाव, पुढच्या वेळी वेल स्वच्छ रानातला घे.

कडोलीचा मळा: आत्ताच बघून आलो. दोन अळ्या काळवंडल्यात, जुनी कात शेपटाला तशीच. बाकीच्या खाताहेत. पाहुण्यांना फोन लावतो.